एकेचाळीस नंबरचा तक्ता

१

मंगळवारी दुपारी एकेचाळीस नंबरचा तक्ता खोटा असल्याचं आधी माझ्या बोटांना कळलं. डोळ्यांचं काही सांगू नका. ते आता सुईत दोरा ओवण्यापुरते उरलेत, आणि त्यालाही तीनदा प्रयत्न लागतात. बोटं मात्र अजून शाबूत आहेत.

छापखान्याच्या मागच्या खोलीत मी एकटी बसले होते. पुढे मशीनची खडखड चालू होती. टेबलावर त्रेसष्ट पारदर्शक पाकिटं होती आणि प्रत्येकात एक कागद. आमच्या देशात मतं मोजून झाली, की केंद्राध्यक्ष, म्हणजे त्या मतदान केंद्राचा मुख्य अधिकारी, आपल्या हाताने एक तक्ता भरतो आणि खाली सही करतो. एक प्रत सरकारकडे जाते, एक विरोधी पक्षाच्या प्रतिनिधीला मिळते. गेल्या निवडणुकीत एका मतदारसंघातल्या त्रेसष्ट केंद्रांवरच्या या प्रती कार्यकर्त्यांनी तीन कोटांच्या अस्तरात शिवून देशाबाहेर काढल्या. त्यांवरचे आकडे आणि सरकारने जाहीर केलेले आकडे यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपडे दुरुस्त करते, म्हणून कोट उसवायला देश सोडून आलेल्यांच्या आमच्या मंडळाने मला बोलावलं होतं.

गुरुवारी सकाळी दहा वाजता या देशाच्या संसदेची एक समिती आमचं म्हणणं ऐकणार होती. तिला पटलं, तर हा देश आमच्या सरकारला मान्यता द्यायचं थांबवणार होता आणि फेरनिवडणुकीसाठी जोर लावणार होता. चौदा वर्षं आम्ही चौकात फलक धरून उभे राहिलो. लोक आमच्याकडे रस्ता विचारायला यायचे, तेवढंच. आता पहिल्यांदा कुणी बसायला खुर्ची दिली होती. अट एकच होती. त्रेसष्टही तक्ते अस्सल हवेत, एक जरी कमी पडला तरी सगळा गठ्ठा बाद.

बॉलपेन दाबून लिहिलं, की कागदाच्या पाठीला उठाव येतो. शेवटची तपासणी म्हणून मी प्रत्येक पाकिटात दोन बोटं सरकवून पाठ चाचपत होते. चाळीसपर्यंत सगळ्या खडबडीत लागल्या. एकेचाळिसाची पाठ गुळगुळीत होती. कागद बाहेर काढला, तर ती झेरॉक्स निघाली.

२

संध्याकाळी सहाला आम्ही पाचही जण त्या खोलीत बसलो. तक्त्यांना हात लागला होता तो या पाचांचाच. कपाटाची किल्ली कॅलेंडरमागे खिळ्याला असते, हेही या पाचांनाच ठाऊक.

डॉक्टर आमचे अध्यक्ष. तिकडे नावाजलेले सर्जन होते, इकडे एका प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढतात. बोलताना अजून हातमोजे चढवल्यासारखे दोन्ही हात वर धरतात. वकीलबाई अठ्ठावीस वर्षांची, लहानपणीच इकडे आलेली. समितीपुढचा अर्ज तिने लिहिलाय आणि मला मावशी म्हणते. छापखानेवाल्यांची खोली, म्हणून सर्वांत जास्त कुरकुरही त्यांचीच. आणि अण्णा. तिकडे ते गिरणीच्या वजनकाट्यावर कारकून होते, इकडे एका रुग्णालयाच्या धोबीखान्यात चादरी मोजून देतात. वयाने सर्वांत मोठे आणि बोलायला सर्वांत कमी.

पाचवी मी. तिकडे सव्वीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांची चौकशी केली. आग लागली की लावली, हे राख बघून सांगायचे. त्यामुळे इथे मला सगळे पाठीमागे चौकशीबाई म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. आठवड्यातून एक दिवस आपल्या भाषेत भांडायला मिळतं म्हणून मी मंडळात जायला लागले, लोकशाही वगैरे नंतर. घरी माझ्याकडे एक कप, एक ताटली आणि एक खुर्ची आहे. तिकडे एक बहीण आहे, ती फोन उचलत नाही. तिचा दोष नाही, आमच्याशी बोललेलं तिकडे नोंदलं जातं.

तक्ता गेल्याचं सांगितल्यावर खोलीत कुणीच कुणाकडे बघेना. हीच आमच्या लोकांची रीत आहे. दूतावासाचा खबऱ्या आपल्यात आहे, असं प्रत्येकाला चौदा वर्षं वाटत आलंय, आणि प्रत्येकाच्या मनातला खबऱ्या वेगळा असतो. याच भीतीपोटी आम्ही एक नियम केला होता. कोट उसवल्यावर पहिलं काम म्हणून प्रत्येक तक्ता पाकिटात घालून, केंद्राध्यक्षाच्या नाव-सहीच्या जागी पाकिटावर काळी पट्टी चिकटवायची. सरकारला कुठल्या केंद्रावर कोण होतं ते ठाऊकच असतं. पट्टी होती ती आमच्या जिभांसाठी. हे काम मी एकटीने केलं होतं.

डॉक्टरांनी हात वर धरले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, नावं फक्त तुम्ही बघितली आहेत. एखादं नाव हवं असेल, तर तक्ता कुठला ते फक्त तुम्हालाच कळणार."

मी म्हटलं, मी कागद उलटे धरून पट्ट्या लावल्या, एकही नाव वाचलं नाही. खरंच वाचलं नव्हतं. वाचली असती तर ती त्रेसष्ट माणसं माझ्याबरोबर बसमध्ये, दुकानात, घरी सगळीकडे हिंडली असती, आणि मला तेवढी गर्दी सोसत नाही. पण हे ऐकताना माझं मलाच ते खोटं वाटलं. अशी उत्तरं देणाऱ्यांचे दावे मी तिकडे नामंजूर करत असे.

उठताना अण्णांनी त्या दिवशीचा एकच प्रश्न विचारला. सुनावणीत तक्ते मोठे करून सगळ्यांना दाखवणार का? वकीलबाई म्हणाली, हो, पडद्यावर, आणि दूतावासाचा वकीलही तिथे बसलेला असेल.

मला गुरुवार सकाळपर्यंतची मुदत मिळाली. तोवर तक्ता नाही सापडला, तर समितीला काय सांगायचं ते डॉक्टर ठरवणार होते. चोर म्हणून कुणाचं नाव घेणार, हे विचारायची गरज नव्हती.

३

झेरॉक्स मी घरी नेली आणि एकुलत्या खुर्चीत बसून भिंगातून बघितली. तीन गोष्टी दिसल्या.

एक, डाव्या कडेला करडी रेघ नव्हती. छापखान्याच्या झेरॉक्स मशीनचा ढोल ओरखडलेला आहे, तिथून निघालेल्या प्रत्येक कागदावर ती रेघ येते आणि छापखानेवाले म्हणतात, दिसत नाही. म्हणजे ही प्रत दुसरीकडे निघाली होती. स्वतःचं मशीन सोडून दुसऱ्याच्या दारात कागद घेऊन जाणारा छापखानेवाला मला अजून भेटायचाय.

दोन, नावाच्या जागी या कागदावरच काळा पट्टा छापलेला होता. म्हणजे तक्ता पाकिटातून बाहेर न काढता, पट्टीसकट मशीनवर ठेवला होता. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. जो तक्ता निवडून उचलतो, तो नाव बघून उचलेल, असं डॉक्टरांनी धरलं होतं आणि मीही. याने नाव न बघताच निवडला होता.

तिसरी गोष्ट मला तेव्हा शोभेची वाटली. तक्त्यावरच्या प्रत्येक आकड्याच्या आधी आणि नंतर एक बारीक वळण काढलं होतं, दाराच्या कडीसारखं. एखाद्याला असते सवय, म्हणून मी ते सोडून दिलं. तिथे माझं चुकलं.

बुधवारी सकाळी नऊला मी वकीलबाईच्या ऑफिसात गेले. तिने दार लावून घेतलं. रात्रभर रडलेली दिसत होती. मी विचारण्याआधीच तिने सांगितलं, की नेमका एकेचाळीसच जावा याचाच तिला धसका बसलाय. दूतावासाचा वकील म्हणणार होता, की आकड्यांमधले सुरुवातीचे अंक आम्ही इकडे खरडून काढले. एकेचाळिसावर सरकारी पक्षाला सत्त्याऐंशी मतं होती आणि जाहीर निकालात पाचशे सत्त्याऐंशी. बाकीच्या तक्त्यांवर आकड्यापुढे मोकळी जागा आहे, तिथे आधी एखादा अंक होता की नव्हता यावर वर्षभर वाद घालता येईल.

"पण मावशी, त्या वळणांमुळे एकेचाळिसावर वादच नाही. आकड्याला खेटून वळण आहे, पाच मावायला जागाच नाही. तज्ज्ञ म्हणाले, मूळ कागदावरचा दाब दाखवला की संपलं. एवढा एक खरा ठरला, की बाकीचे बासष्ट त्याच्या मागून उभे राहतात."

हे आणखी कुणाला माहीत होतं, असं मी विचारलं. कुणालाच नाही, म्हणाली. मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण इथे कुणाला काही सांगायची तिला भीती वाटते. एवढं बोलून ती ओशाळली.

म्हणजे तक्त्याची किंमत तिला एकटीला ठाऊक होती, आणि तो सुनावणीत सर्वांत जास्त तिलाच हवा होता.

४

डॉक्टर प्रयोगशाळेत होते. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात त्यांनी मला सुया ठेवायच्या खोलीत नेलं. मी सरळ विचारलं, तुम्ही गेल्या महिन्यात दूतावासात गेला होतात का? मला माहीत नव्हतं, नुसता खडा टाकला. त्यांचे वर धरलेले हात खाली आले.

डॉक्टर गेले होते. त्यांची आई तिकडे अंथरुणाला खिळली आहे आणि माणसं ओळखेनाशी झाली आहे. पासपोर्टचं नूतनीकरण हवं होतं. खिडकीपलीकडचा माणूस फार गोड बोलला. गुरुवारी तुम्ही आजारी पडा, म्हणाला, शुक्रवारी पासपोर्ट घेऊन जा. डॉक्टरांनी खणातून तो अर्ज काढून दाखवला. कोरा होता. भरावा की फाडावा हे महिनाभर त्यांचं ठरत नव्हतं.

"मी उद्या येणार आहे," ते म्हणाले. "पण हे मंडळात सांगू नका. त्यांना मी असा अडकलेला नको आहे."

त्यांच्यावर मला आदल्या दिवशीचा राग होता, तो तिथेच गेला. दूतावासाला हवे होते ते डॉक्टर, तक्ता नाही. आणि दूतावासाला एकच तक्ता हवा असता, तरी त्रेसष्टातून नेमका एकेचाळीस निवडायला त्यांना त्याची किंमत कळायला हवी होती.

बसमध्ये मी हिशेब मांडला. ज्याने उचलला त्याने नाव बघून उचलला नाही. किंमत कळून उचलला नाही. मग पट्टी लावलेल्या पाकिटातून दुसरं दिसतं काय? फक्त आकडे. आणि आकड्यांत वेगळं काय होतं? त्या कड्या. कुणीतरी एका अनोळखी केंद्राध्यक्षाचा हात नुसत्या आकड्यांवरून ओळखला होता.

मी छापखान्यात परत गेले आणि वही काढली. तीन रविवार आम्ही त्या खोलीत बसलो होतो. डॉक्टर आकडे मोठ्याने वाचायचे, अण्णा समोर बसून वहीत उतरवायचे, मग तक्ता हातात घेऊन पडताळायचे, वकीलबाई कॉम्प्युटरवर ताळा घ्यायची. छापखानेवाले चहा करायचे आणि मधूनमधून सरकारला शिव्या घालायचे. वही मी आजवर कधी नीट बघितली नव्हती. आकडे बरोबर आहेत म्हटल्यावर अक्षराकडे कोण बघतं?

पहिल्या पानावर पहिल्या आकड्याच्या आधी एक कडी होती आणि नंतर एक. दुसऱ्यालाही. चाळीस केंद्रांपर्यंत एकही आकडा कडीवाचून नव्हता. एकेचाळिसापासून पुढे शेवटच्या पानापर्यंत एकही कडी नव्हती. आकडे तेच, शाई तीच, हात तोच. मधेच कुणी आपली सवय मोडली होती, आणि बावीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाची सवय अशी आपोआप मोडत नाही.

५

रुग्णालयाचा धोबीखाना तळघरात आहे. दुपारचे तीन वाजले होते. वाफेने भिंती ओल्या होत्या आणि यंत्रांच्या आवाजात ओरडल्याशिवाय बोलता येत नव्हतं. अण्णा टेबलाशी उभे राहून चादरी मोजत होते. मला बघितल्यावर त्यांनी हातातला गठ्ठा पुरा मोजला, कागदावर लिहिला आणि मग मला कपडे ठेवायच्या खोलीत नेलं. तिथे शांत होतं.

मी काही विचारलं नाही. झेरॉक्स आणि वही बाकावर शेजारी शेजारी उघडून ठेवली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पण लावला नाही.

"मुलगी आहे माझी," अण्णा म्हणाले.

मग ते बरंच बोलले. चौदा वर्षांत एवढं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. काट्यावर ट्रकवाले पावतीवरच्या आकड्यापुढे हळूच एक अंक घालायचे, म्हणून अण्णांनी ही युक्ती काढली. आकड्याला दोन्ही बाजूंनी कडी घालायची. मुलगी शाळा सुटली, की त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून हिशेबाच्या वहीत तशाच कड्या घालायची. आई नव्हती, त्यामुळे काटा हेच तिचं घर होतं. पुढे ती शिक्षिका झाली. गिरणीच्या संपानंतर अण्णांना देश सोडावा लागला आणि पाच वर्षांनी शिक्षकांकडून प्रतिज्ञापत्रं घ्यायला लागले, की परदेशात आमचं कुणी नाही. तिने सही केली. एका ओळखीच्याकरवी निरोप आला, फोन करू नका. त्याला नऊ वर्षं झाली. ती कुठल्या गावी आहे, आहे की नाही, यातलं काही त्यांना कळलेलं नव्हतं.

"दुसऱ्या रविवारी डॉक्टरांनी एकेचाळीस माझ्या हातात दिला. सत्त्याऐंशी. दोन्हीकडे कडी. ताई, मी तेव्हा खोकलो होतो, तुम्ही पाणी आणून दिलंत."

मला ते आठवत नव्हतं.

आधी त्यांना फक्त झेरॉक्स हवी होती. पाकीट न उघडता, सदऱ्यात घालून त्यांनी ते इथे आणलं, वरच्या मजल्यावरच्या मशीनवर प्रत काढली आणि तक्ता परत नेऊन ठेवला. आठ दिवस ती प्रत उशाशी होती. पण प्रतीला हात लावून काही लागत नाही. मग शनिवारी त्यांनी मूळ कागद घेतला आणि प्रत पाकिटात सरकवली.

वरच्या फळीवरून त्यांनी एक इस्त्री केलेली उशीची खोळ काढली. आत तक्ता होता. तळाशी सही होती आणि सहीखाली पूर्ण नाव. पहिल्यांदाच मी एक नाव सुलटं धरून वाचलं.

"आडनाव बघा," अण्णा म्हणाले. "लग्न झालंय तिचं. जावयाचं आडनाव मला मतमोजणीच्या तक्त्यावरून कळलं."

ते हसायला गेले. मी दुसरीकडे बघितलं.

नुसता हव्यास नव्हता, भीतीही होती, आणि ती रास्त होती. उद्या दूतावासाच्या वकिलाने ही वही आणि हा तक्ता शेजारी ठेवला, तर तो म्हणेल, म्हाताऱ्याने इथे बसून तक्ता बनवला. आमचा सगळ्यांत खरा कागद सगळ्यांत खोटा ठरेल. आणि तिकडे दोन माणसं तिच्या शाळेत जाऊन विचारतील, हा तुमचा कोण? प्रतिज्ञापत्र खोटं दिलं म्हणून सात वर्षं.

"वही मी नवीन लिहिते," मी म्हटलं. "माझ्या अक्षरात, आज. ती आपली घरची टिपणं आहेत, कुणी मागितलेली नाहीत. जुनी तुमच्या भट्टीत टाका. मग तुमचा आणि या तक्त्याचा संबंध जोडणारं जगात काही उरत नाही."

"मग हा माझ्याकडेच का राहू नये? बासष्ट आहेत की तुमच्याकडे."

एक कमी पडला तर सगळा गठ्ठा बाद, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्यांच्या जागी मी असते, तर दिला नसता. माझ्या बहिणीने हिशेबाचा एक चिटोरा पाठवला असता, तरी मी तो कुणाला दाखवला नसता.

"अण्णा, मतं मोजताना त्या खोलीत तिच्याभोवती कोण माणसं उभी असतील, याचा विचार करा," मी म्हटलं. "त्यांच्यादेखत तिने आकडे लिहिले आणि त्यांना कड्या घातल्या. कुणाला तरी ते बघता यावेत म्हणूनच ना."

त्यांनी कागदाची पाठ अंगठ्याने चाचपली. सकाळपर्यंत राहू दे, म्हणाले, सकाळी आणतो. सव्वीस वर्षांत मी पुरावा कधी पक्षकाराच्या हाती सोडून आले नव्हते. त्या दिवशी आले.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, की तक्ता उद्या मिळेल, कुठून ते विचारू नका. त्यांनी नुसतं बरं म्हटलं. कोऱ्या अर्जाचं मीही विचारलं नव्हतं.

६

दहाला दहा मिनिटं असताना आम्ही चौघं संसदेच्या इमारतीच्या पायऱ्यांवर उभे होतो. डॉक्टर आले होते, कडक इस्त्रीचा कोट घालून. वकीलबाई घड्याळ बघत होती. एकेचाळिसाचं रिकामं पाकीट माझ्या पिशवीत होतं आणि मी स्वतःला मूर्ख म्हणत होते.

दहाला पाच कमी असताना अण्णा बसमधून उतरले. त्यांनी खोळ माझ्या हातात दिली. मी तिथेच उभ्याने कागद पाकिटात सरकवला. काळ्या पट्टीमागे नाव गेलं.

सुनावणीची खोली साधीच होती. लांब टेबल, पाण्याचे पेले, एक दुभाषी. मागच्या रांगेत दूतावासाचा वकील आणि त्याच्याबरोबर एक टिपणं घेणारा. एकेचाळीस पडद्यावर आला, तेव्हा ती कडी हाताएवढी मोठी झाली. तज्ज्ञाने कागद तिरप्या उजेडात धरून दाब दाखवला. दूतावासाचा वकील उठला, त्याने काही विचारायचा प्रयत्न केला आणि खाली बसला. मी अण्णांकडे बघितलं नाही.

मग अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, आता एक शेवटची औपचारिकता. ज्यांनी ज्यांनी हे तक्ते हाताळले, त्यांनी शपथेवर सांगावं, की सही करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी कुणाशी त्यांचं नातं आहे का. असल्यास तो तक्ता बाजूला ठेवावा लागेल. वकीलबाईचा चेहरा उतरला. हे तिलाही माहीत नव्हतं.

डॉक्टर नाही म्हणाले. वकीलबाई नाही म्हणाली. छापखानेवाले नाही म्हणाले आणि वर, असतं तर बरं झालं असतं, असंही म्हणाले. दुभाष्याने तेवढं गाळलं.

अण्णा उभे राहिले. पडद्यावर एकेचाळीस तसाच होता, कुणी तो बदलला नव्हता. त्यांनी तो नीट बघितला. दुभाष्याला वाटलं प्रश्न कळला नाही, म्हणून त्याने आमच्या भाषेत पुन्हा विचारला. तुमचं तिकडे कुणी आहे का?

"नाही," अण्णा म्हणाले. "मला कुणी नाही."

दुभाष्याने ते पलीकडच्या भाषेत सांगितलं. मागच्या रांगेतल्या माणसाने लिहून घेतलं. अण्णा खाली बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

शेवटी मी. मला अध्यक्षबाईंनी दोन प्रश्न विचारले. तुमचं नातं आहे का, आणि पट्ट्या तुम्ही लावल्यात, तर इतर कुणाचं नातं असल्याचं तुमच्या लक्षात आलं का. मला आयुष्यात एवढंच एक काम नीट जमलं होतं, की खोटं दिसलं तर खोटं म्हणून लिहायचं. सव्वीस वर्षांत मी कुणासाठी ते सोडलं नव्हतं, सख्ख्या दिराचा दावासुद्धा फेटाळला होता.

"नाही," मी म्हटलं. "काही आढळलं नाही."

त्रेसष्टच्या त्रेसष्ट तक्ते दाखल झाले.

७

बाहेर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. छापखानेवाले रडले, डॉक्टर दोनतीन वार्ताहरांशी हात वर धरून बोलले, वकीलबाईने मला घट्ट मिठी मारली. समितीचा निर्णय यायला सहा आठवडे लागणार होते. अण्णा त्यात नव्हते. मी शोधलं, तर ते बसथांब्याकडे चालले होते. मी मागून गेले.

बसमध्ये दुपारची गर्दी नव्हती. आम्ही मागच्या बाकावर बसलो. तो कागद आता संसदेच्या कपाटात राहणार होता आणि अण्णांकडे झेरॉक्सही उरली नव्हती, ती मीच वहीबरोबर जाळायला लावली होती. आता ते शपथेवर निपुत्रिक होते. उद्या ती दारात येऊन उभी राहिली तरी त्यांना, ही कोण, म्हणावं लागणार होतं, निदान पुढची काही वर्षं. हे सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"ताई," ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तुम्ही काल नाव वाचलंत ना?"

मी हो म्हटलं.

"एकदा घ्याल का? नऊ वर्षांत मी ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आणि आता तुमच्याशिवाय कुणी घेणारही नाही."

पुढे दोन बायका आपसात त्यांच्या भाषेत बोलत होत्या. चालक आरशात बघत नव्हता. आपली भाषा कळणारं आमच्याखेरीज बसमध्ये कुणी नव्हतं. मी थोडी त्यांच्या बाजूला सरकले आणि नाव घेतलं. आधी नुसतं तिचं, मग आडनावासकट.

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, "आणखी एकदा."

मी पुन्हा घेतलं.